बाईसाहेबांचं वजन

धाकटा ही हकिगत चारचौघांत सांगतो तेव्हा सुरुवात डॉक्टरांपासून करतो. डॉक्टर आल्या, त्यांनी घोडीचे खूर चाचपले, चेहरा गंभीर केला. अशी सुरुवात केली की संकट बाहेरून आल्यासारखं वाटतं आणि आपल्याला ऐकणाऱ्यांच्या रांगेत बसून हळहळता येतं. पण खरी सुरुवात टाळ्यांपासून होती, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत सगळ्यांत पुढे तोच होता.

दर रविवारी घरच्या कारखान्याच्या मागच्या दाराने बाईसाहेबांना, म्हणजे घोडीला, आत आणायचं, पोती तोलायच्या मोठ्या काट्याच्या लोखंडी फळीवर उभं करायचं आणि सगळ्या घराने तबकडीकडे बघत राहायचं. काटा थरथरत चढायचा, थांबायचा. गेल्या रविवारच्या खडूच्या खुणेपुढे गेला की टाळ्या. आई खुर्चीतून म्हणायची, "अंगाला लागतंय हो पोरीच्या." थोरला टाळ्या वाजवत नसे. घोडी घरात आली त्या दिवसापासून त्याचा विरोध होता आणि तो त्याने सोडलेला नव्हता. तो फक्त नवी खूण करायचा. खडू मात्र जरा जास्तच दाबून.

तीन पिढ्या ह्या घराने वजनकाट्यांवर काढल्या. आजोबांनी बनवले, वडिलांनी विकले, आणि हे दोघे भाऊ आता दुरुस्त करतात. कुठल्या दुकानाचा काटा किती खोटं बोलतो हे थोरला नुसत्या कुरकुरीवरून ओळखतो. अशा घरात एक घोडी आठवड्यामागून आठवडा जड होत गेली, काटा खरं तेच सांगत राहिला, आणि घरचे त्याला दाद देत राहिले. घरातल्या काट्याचं कौतुक करावं, पण त्याचं ऐकू नये, असा आमच्याकडे रिवाजच आहे, असं धाकटा हल्ली म्हणतो. तेव्हा म्हणत नव्हता. तेव्हा तो टाळ्या वाजवत होता.

घोडी कशी आली ते घरातल्या भांड्यांनाही पाठ आहे. बंद पडलेल्या पार्कातून नाणं टाकून वजन सांगणारं यंत्र परत आणायला धाकटा टेम्पो घेऊन गेला होता. यंत्र घरचंच, भाड्याने दिलेलं. तिकीटखिडकीच्या कठड्याला मुलांची बग्गी ओढणारी घोडी बांधलेली होती. बग्गी विकली गेली होती, मालकाने पोबारा केला होता, आणि घोडी कुणाच्या गणतीतच नव्हती. बरगड्या उघड्या छत्रीसारख्या. धाकट्याला घोड्यांची भीती वाटते; आजही वाटते. त्याने लांबूनच पायाने बादली सरकवली. ती सगळं पाणी प्यायली आणि मान वर करून त्याच्याकडे बघत राहिली, की बरं, पाणी झालं, पुढे काय? टेम्पोत एकाच वस्तूची जागा होती. यंत्र अजून तिथेच उभं आहे.

"काटा आणायला गेला होतास," थोरला तेव्हा म्हणाला होता. अजूनही अधूनमधून म्हणतो.

•

सांगताना धाकटा म्हणतो: आम्हाला कल्पनाच नव्हती.

झालं ते असं. कल्पना पुरेपूर होती. डॉक्टरीणबाई महिन्याभरापूर्वीच येऊन गेल्या होत्या. बाईसाहेब तेव्हा पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागे घेऊन, ओल्या फरशीवर उभं राहिल्यासारख्या उभ्या होत्या. डॉक्टरांनी सगळ्यांना ओळीने उभं करून समजावलं होतं. उपाशी राहिलेल्या घोडीला अचानक भरपूर धान्य, साखर, हिरवं गवत मिळालं की त्याचा दाह थेट खुरांत उतरतो. खुराच्या आत एक हाड असतं, ते नखाला आतून धरून ठेवलेलं असतं. ती पकड सुटली की घोडीच्या स्वतःच्याच वजनाने ते हाड खाली सरकतं. यापुढे फक्त पाण्यात भिजवून निथळलेलं वाळकं गवत. बाकी काही नाही. चव म्हणूनसुद्धा नाही.

सगळ्यांनी माना डोलावल्या. रविवारचं वजन बंद झालं. पायाखाली जाड भुसा आला. घरात इतकी शिस्त यापूर्वी फक्त वडिलांच्या आजारपणात दिसली होती, आणि वडील त्यातून उठले नव्हते.

महिन्याने डॉक्टर पुन्हा तपासायला आल्या. कारखान्यामागच्या शेडमध्ये सगळे जमले. डॉक्टरांनी खुरावर तळहात ठेवला, मग दुसऱ्या खुरावर. मानेच्या वरच्या कडेला अंगठा दाबला. तो रुतला नाही; चरबी दगडासारखी घट्ट झाली होती. त्या उठल्या, हात पुसले आणि कुणा एकाकडे न बघता विचारलं, "कोण खायला घालतंय हिला?"

उत्तर बाईसाहेबांनीच दिलं. त्यांनी मान वळवून आईच्या पदराला नाक लावलं आणि पदराची गाठ ओठांनी सोडवायला लागल्या, सरावाने.

आई म्हणाली, की साखरेचे दोनचार खडे, त्याला काय खाणं म्हणतात का? धाकट्याच्या बायकोने सासूकडे असं पाहिलं की आता आपल्याला बोलायला हरकत नाही, आणि मग तिनेच सांगून टाकलं की सफरचंदाच्या साली ती टाकून द्यायच्याऐवजी इथे आणते. डॉक्टरांनी विचारलं, नुसत्या साली? बायको म्हणाली, की सालीला थोडं सफरचंद लागून येतंच. पुढे प्रश्न विचारल्यावर असं निघालं की कधीकधी सफरचंदाला साल लागून येते.

धाकटा गाजरांवर अडला. त्याचं म्हणणं, गाजर ही भाजी आहे.

मग सगळ्यांनी थोरल्याकडे पाहिलं. संशयाने नव्हे, आधारासाठी. ह्या घरात एक तरी माणूस कठोर आहे, ही घराची जुनी समजूत. थोरला खिळ्याला टांगलेल्या दोरीकडे बघत होता. तो म्हणाला, की घोडी पहाटे दरवाज्यावर पाय आपटते, शेजाऱ्यांची झोप मोडते, म्हणून तो तिला मूठभर ओट देतो. शेजाऱ्यांसाठी.

"रोज?" डॉक्टर.

"शेजारी रोज असतात," थोरला म्हणाला.

धाकट्याला एकदम हसू फुटलं, आणि हसताना त्याने डॉक्टरांचा चेहरा पाहिला. त्या हसत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "हे बघा, तुम्ही सगळी चांगली माणसं आहात, त्याचंच भय वाटतं. मारकुट्या मालकाला दम देता येतो. तुम्हाला काय देऊ? या वेळी अजून हाड हललेलं नाही. पुढच्या वेळी हलेल. मग मी येईन ती शेवटच्या इंजेक्शनसाठी."

बाईसाहेब एक पाय उचलून दुसऱ्यावर भार टाकत होत्या, मग त्यावरून पहिल्यावर. उभं राहायला जागाच सापडत नसल्यासारख्या.

•

किल्लीची सभा. (थोरला ह्याला सभा म्हणतो. बायको ह्याला वेगळं काही म्हणते.)

डॉक्टर गेल्यावर सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसले. थोरल्याने सुचवलं, शेडला कुलूप घालायचं आणि किल्ली एकाकडे ठेवायची. सूचना उत्तम होती. प्रश्न फक्त कुणाकडे एवढाच. थोरल्याने हात पुढे केला, तर बायको म्हणाली की भाऊजी, कुंपणानेच शेत खायचं तर कुलूप कशाला हवं? बायकोकडे ठेवावी, तर आई म्हणाली की सालीला सफरचंद लागून येतं. आईकडे ठेवावी असं कुणी म्हणालंच नाही, आणि त्याचा आईला राग आला. ती म्हणाली, की मी ह्या घरात तीन माणसं मरताना पाहिली, मला कुणी दया शिकवू नये. कुणी शिकवत नव्हतं.

मग सगळे धाकट्याकडे वळले. घोडी त्याची, उठाठेव त्याची. त्याला वाटलं, आता आपली वेळ आली. त्याने आवाज खाली आणून म्हणावं, द्या इकडे, मी बघतो. त्याने तोंड उघडलं. आणि त्याला दिसलं, की उद्या सकाळी आपण कुलूप काढू, ती दाराकडे मान वळवेल, तिने वळवलेली मान रिकाम्या हाताने कशी बघायची? पार्कातल्या त्या दिवसापासून त्याला स्वतःविषयी जे काही बरं वाटलं होतं, ते सगळं त्या वळलेल्या मानेत होतं. तो घोडीला गाजर देत नव्हता. स्वतःला देत होता.

"माझ्याकडे नको," तो म्हणाला.

किल्ली टेबलाच्या मध्यावर पडून राहिली.

डॉक्टर जाताना म्हणाल्या होत्या, की हिला कोरडी जागा हवी, जिथे गवताचं पातं नाही, सोबतीला एखादं जनावर, आणि 'नाही' म्हणू शकणारं माणूस. आता तेच आठवून बायको म्हणाली, "असं एकच माणूस होतं ह्या घरात."

कुणी नाव घेतलं नाही. थोरल्याने खुर्ची मागे सरकवली, पण उठला नाही. वहिनी, म्हणजे त्याची बायको, घर सोडून गेली त्याला बरीच वर्षं झाली होती. कुणी तिला मारलं नव्हतं, टाकून बोललं नव्हतं. तिने भूक नाही म्हटलं की ताटात आणखी पडायचं. तिने एकटीला बसू दे म्हटलं की सोबतीला दोघं यायचे. ती बॅग घेऊन निघाली तेव्हा धाकटा जिन्यात आडवा उभा राहिला होता आणि म्हणाला होता, निदान दोन घास खाऊन तरी जा. त्या संसाराच्या पडझडीत त्याचा वाटा एवढाच, आणि तो त्याला पुरतो. आता ती शहराबाहेर दगडाची वखार चालवते. फरशा कापते. जुनी दगड वाहणारी दोन गाढवं आहेत तिच्याकडे, म्हातारी, बिनकामाची, तिनेच ठेवून घेतलेली.

आई म्हणाली, तिच्या दारात जाण्यापेक्षा घोडी इथेच गेलेली बरी. मग हे आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं. ती बराच वेळ टेबलावरचा डाग नखाने खरवडत होती.

"लाव फोन," ती धाकट्याला म्हणाली. "तू लाव. तुझ्याशी ती त्यातल्या त्यात बोलेल."

थोरला म्हणाला, "ती नाहीच म्हणेल."

"त्यासाठीच तर," बायको म्हणाली.

•

सांगताना: मी वहिनींना परिस्थिती नीट समजावून सांगितली.

झालं ते असं. धाकट्याने मनात भाषण जुळवलं होतं, ज्यात गतकाळ, माणुसकी आणि मुकं जनावर हे तिन्ही होते. पलीकडे दगड कापायच्या यंत्राचा आवाज इतका होता की त्याला गतकाळ दोनदा ओरडून सांगावा लागला. यंत्र थांबलं.

"भावोजी, घरचं नको. घोडीचं सांगा."

त्याने सांगितलं. तिने पायांविषयी विचारलं, किती गरम, उभी कशी राहते, डॉक्टर गाडीतून न्यायला काय म्हणतात. डॉक्टरांचं मत होतं की हलवणं धोक्याचं, पण इथे ठेवणं जास्त धोक्याचं.

"ठेवते," वहिनी म्हणाली. "पण ती माझ्याकडे राहील. पाहुणी नव्हे. आणि बघायला याल ते खिसे उलटे करून याल. सगळे. आईसुद्धा."

धाकटा म्हणाला की अर्थातच, आणि मग विचारून बसला, की गाजर?

तिने फोन ठेवला.

•

दुसऱ्या दिवशी वहिनी स्वतः टेम्पो चालवत आली. अंगावर दगडाची भुकटी, डोक्याला रुमाल. थोरला इस्त्रीचा शर्ट घालून कारखान्यात एका काट्यावर जोरजोरात काम करत होता. तो काटा कालच दुरुस्त झालेला होता. आई दारात उभी राहिली.

"बारीक झालीस."

"नाही. होते तेवढीच आहे."

आईच्या हातात डबा होता. घट्ट झाकणाचा, वाटेसाठी भरलेला, आणि तो कुणासाठी भरला हे सगळ्यांना वासावरूनच कळत होतं. साखर आणि दूध घालून उकडलेल्या ओटांना दुसरं गिऱ्हाईक नसतं. वहिनीने झाकण उघडून आत पाहिलं, मग आईकडे पाहिलं.

"माझ्यासाठी असेल तर घेते," ती म्हणाली.

आईच्या चेहऱ्यावर सगळं घर एकदा पडून पुन्हा उभं राहिलं.

"तुझ्यासाठीच," आई म्हणाली.

वहिनीने तिथेच, दारात उभ्या उभ्या, दोन चमचे खाल्ले, बाकीचा डबा परत दिला आणि शेडकडे गेली. आई त्या डब्याकडे बघत राहिली. तिला नाही म्हणून परत केलेलं अन्न आयुष्यात पुष्कळ पाहावं लागलं होतं. पुरे म्हणून परत केलेलं बहुधा पहिलंच.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे बाईसाहेबांच्या खुरांखाली जाड स्पंज बांधला होता. टेम्पोत गुडघाभर भुसा. उतरत्या फळीशी आल्या आणि थांबल्या. मालकीण बदलतेय हे जनावराला कळतं, असं धाकटा सांगताना म्हणतो. फळीवर पाय टेकला की तिला दुखत होतं, इतकंच. सगळ्यांचे हात शिवशिवले. एक गाजर पुढे धरलं असतं तर काम झालं असतं. वहिनी म्हणाली, "खाण्याने चढवायची नाही. भावोजी, तुम्ही पुढे व्हा. दोरी सैल धरा. मागे बघू नका."

धाकट्याला घोडीच्या पुढून बंद जागेत चालत जायची भीती वाटत होती. वहिनीची त्याहून जास्त वाटत होती. तो चढला. मागे फळी करकरली, थांबली, पुन्हा करकरली, आणि मानेवर गरम श्वास आला. सांगताना तो इथे 'विश्वास' हा शब्द वापरतो. पण फळी वर होऊन कडी लागेपर्यंत बाईसाहेबांनी त्याचा डावा खिसा तपासला, मग उजवा, मग शर्टाचा. एक गुंडी तोडून तिची चव पाहिली आणि थुंकली. मग त्यांनी लांब उसासा सोडला आणि पार्श्वभाग त्याच्याकडे करून उभ्या राहिल्या.

बाहेर थोरला आला होता. त्याने लागलेली कडी हलवून पाहिली, मग पुन्हा लावली.

"झाली घट्ट," वहिनी म्हणाली.

"पोचलात की," थोरला म्हणाला.

"कळवेन."

एवढंच. पण बायकोने नंतर सांगितलं, की टेम्पो वळेपर्यंत तो रस्त्याच्या मधोमध उभा होता आणि मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना हातानेच थांबा म्हणत होता.

•

वखारीत हिरवं म्हणावं असं काही नव्हतं. पांढरा दगड, पांढरी भुकटी, पत्र्याची सावली, आणि सावलीत वाळूचा जाड थर. दोन गाढवं आली, त्यांनी बाईसाहेबांना हुंगलं आणि ओळख पटल्यासारखी बाजूला झाली. त्या घरातून आलेल्यांना गाढवांची सवय असतेच, असं वहिनी म्हणाली, आणि धाकट्याला ते रास्तच वाटलं.

बाईसाहेब वाळूत दोन पावलं गेल्या. गुडघे दुमडले, आणि त्या खाली गेल्या. सबंध, धप्पकन, मान टाकून.

धाकटा धावला. "पडली," तो म्हणाला, "वहिनी, पडली, उठवा तिला, काहीतरी द्या."

वहिनीने त्याचा दंड धरला. "पडली नाही. आडवी झाली. पायांवरचा भार काढला तिने." मग तिने विचारलं, "तिकडे आडवी व्हायची नाही?"

व्हायची. सुरुवातीला रोज व्हायची. पण ती आडवी झाली की घरात हाहाकार उडायचा. कुणीतरी हाक मारायचं, सगळे गोळा व्हायचे, आणि काहीतरी चांगलंचुंगलं नाकाशी धरून तिला पायांवर उभं केलं जायचं. तेव्हाही टाळ्या वाजायच्या. पुढे पुढे तिने आडवं व्हायचं सोडूनच दिलं होतं, आणि तिला आता बरं वाटतंय, असं धाकट्याने तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं.

हे त्याने वहिनीला सांगितलं नाही. तिला बहुधा सांगायची गरज नव्हती. ती यंत्राकडे गेली, पण यंत्र चालू केलं नाही. एका फरशीवर बसून पाणी प्यायली.

फोन वाजला. आई.

"पोचलात?"

"पोचलो."

"जेवली का ती?"

धाकट्याने वाळूकडे पाहिलं. बाईसाहेबांचं पोट सावकाश वरखाली होत होतं. चारही पाय सुटे पडले होते, कसलाच भार न घेता.

"नाही, आई."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. झोपलीय."

पलीकडे थोरल्याचा आवाज आला, काय म्हणतोय, काय म्हणतोय म्हणून. आईने त्याला गप्प केलं असावं.

"मग उठवू नकोस," आई म्हणाली.